नुस्त्याची ऑर्डर मोबाईलवर येते, पण तो नंबर कुणाच्या नावावर आहे?



1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची बंदी चालू आहे. ट्रॉलर जेटीला बांधलेले, होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायचे काम चाललेय. ऑफिसात येणारे सध्या डिझेल-बर्फाचे कमी विचारतात आणि मोबाईलचे जास्त. "बाब, आम्हालाही ते फेसबुकवर पेज करून द्या. त्याला म्हणे हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी घरबसल्या येतात." येतात, खोटे नाही. पण गेल्या वर्षभरात आपल्यातल्या दोघांना त्यात चटका बसला, आणि एकदा मला स्वतःला बसला. म्हणून आधी ते सांगतो.

पहिली गोष्ट एका होडीवाल्या सभासदाची. दोन वर्षे त्याने व्हॉट्सॲपवर छान गिऱ्हाईक जमवले. पर्वरी, पणजी, म्हापशाचे फ्लॅटवाले, कांदोळीचे दोन रेस्टॉरंटवाले. होडी लागली की फोटो, भाव, आणि दहा वाजेपर्यंत माल संपलेला. पण हे सगळे कुणाच्या मोबाईलवर? त्याच्या ओडिशाच्या खलाशाच्या. पोरगा हुशार, फोटो चांगले काढायचा, हिंदी बरे बोलायचा, म्हणून त्याच्यावरच सोडले. मे महिना संपला, पोरगा गावी गेला आणि ऑगस्टात आलाच नाही. सिम त्याच्या नावावर, फोन त्याचा, गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्यात. इकडे होडी इसवण घेऊन लागली तरी विकत घेणारे कोण हे मालकाला माहीत नाही. गिऱ्हाईक त्या नंबरावर फोन करायचे तर तिकडून उत्तर, "भाई, मैं तो अब केरल में हूँ."

त्या पोराने काही चोरले नाही. नंबर त्याचाच होता. चूक आपली. म्हणून पहिले काम हे: धंद्याचे खाते ज्या नंबरावर उघडायचे, ते सिम होडीमालकाच्या किंवा घरातल्या माणसाच्या नावावर हवे आणि ते घरातच राहायला हवे. आणि बंदीत रिचार्ज बंद करू नका. सलग 90 दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. आपली बंदी दोन महिन्यांची, त्यात मे अर्धा गेलेला आणि ऑगस्टचा पहिला आठवडा वाऱ्यात गेला की तीन महिने सहज होतात. तसेच 120 दिवस न वापरलेले व्हॉट्सॲप खातेही जाते. बंदीत आठवड्याला एक साधा फोटो टाकला, जाळे शिवतानाचा का असेना, तरी पुरे.

ऑफिसच्या लँडलाईन नंबरावरसुद्धा व्हॉट्सॲप बिझनेस उघडता येते. कोड मेसेजने न येता फोनवर बोलून सांगतात. ज्यांच्या घरी अजून लँडलाईन आहे त्यांना हे उपयोगी, कारण तो नंबर कुणी खिशात घालून गावी नेऊ शकत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही पैशांची आहे. एका सभासदाच्या पेजवर "मोठ्या ऑर्डरी घेतल्या जातील" असे लिहिले होते, खाली मोबाईल नंबर. दुपारी हिंदीतून फोन आला. आपण सैन्यातले अधिकारी, कॅम्पात पार्टी आहे, चाळीस किलो इसवण आणि सुंगटे हवीत. ओळखपत्राचा फोटोही पाठवला, वर्दीतला. भाव सांगितला तो एका शब्दात मान्य. मी वीस वर्षे या जेटीवर आहे, नुस्त्याचा भाव न घासता हो म्हणणारे गिऱ्हाईक मला अजून भेटलेले नाही, तिथेच शंका यायला हवी होती. मग म्हणाला, आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी, मी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा आणि पिन टाका, तुमच्या खात्यात रक्कम जमा होईल. सभासदाने दोनदा टाकला. दोन्ही वेळा पैसे गेले. चाळीस किलो माल बर्फ घालून क्रेटमध्ये भरून ठेवला होता, तो संध्याकाळी पडेल भावाने एजंटला द्यावा लागला. म्हणजे दोन्हीकडून मार.

घरातल्या सगळ्यांना एवढे पाठ करायला लावा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि दुसऱ्याने पाठवलेला कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जाणार. आणि फसलो हे कळले की लाजून बसू नका, त्याच मिनिटाला 1930 वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. लवकर कळवले तर मध्येच अडवता येतात. आपल्या सभासदाने दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितले, तोवर सगळे संपले होते.

यातून मी जे शिकलो ते असे. पेजवर जो नंबर जगाला दाखवता, तो ज्या बँक खात्यात घराची पुंजी आहे त्याला जोडलेला नसावा. धंद्यासाठी वेगळे सिम, वेगळे छोटे खाते, आठवड्याला त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवायची. कुणी "चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा" म्हटले तर परस्पर पाठवू नका, बँकेत जा. फसवणुकीचे पैसे आपल्या खात्यातून फिरले तर खाते गोठवतात आणि मग डिझेलचे बिल भरायला पैसे असून नसल्यासारखे. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो कुणीही बनवतो. खात्यात जमा झालेले दिसले की मगच पिशवी द्यावी.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. आपल्या या पेजवर एका रात्री मेसेज आला, इंग्रजीत, निळा शिक्का वगैरे लावलेला. तुमच्या पेजवर दुसऱ्याचे गाणे वापरले आहे, 24 तासांत खात्री पटवा, नाहीतर पेज बंद. आपण शिगम्याच्या व्हिडिओला गाणे लावले होते, त्यामुळे मला खरेच वाटले. लिंक उघडली, पासवर्ड दिला, मोबाईलवर आलेला कोडही दिला. अर्ध्या तासात आपल्या पेजवर बुटांची जाहिरात. नशीब की ऑफिसात हिशेब बघणारी मुलगीही पेजवर पूर्ण अधिकाराची होती आणि जागी होती. तिने माझ्या खात्याचे अधिकार आधी काढले, म्हणून पेज वाचले. सेक्रेटरीलाच हाकलले असे म्हणून संचालक अजून हसतात. हसू देत. पण पेजवर पूर्ण अधिकार असलेली माणसे दोन असावीत, विश्वासातली, आणि तिसरे कुणी कशाला नको. कंपनी असा मेसेज पाठवून पासवर्ड विचारत नाही.

खात्याला दुहेरी कुलूप लावून घ्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा आकडी पिन ठेवता येतो, सोबत ईमेल द्यायचा. होडीचा नोंदणी क्रमांक पिन म्हणून ठेवू नका, तो होडीवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे! तिघांनी असे ठेवलेले मी पाहिले.

आता गिऱ्हाईक कसे जमवायचे. घाईने जमत नाही. नवीन नंबर घेतला आणि पहिल्याच दिवशी कुठून तरी मिळालेल्या पाचशे नंबरांना भावपत्रक पाठवले, तर लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि व्हॉट्सॲप नंबरच बंद करते. फॉलोअर विकत देणारेही फोन करतात. ते फॉलोअर कुठल्या मुलखातले कोण जाणे, ते काय आपले बांगडे घेणार? सुरुवात ओळखीच्यांपासून. जे घरी येऊन नेतात त्यांना विचारा, "रोजचा भाव पाठवू का?" हो म्हणाले तर त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, कारण ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज नंबर सेव्ह केलेल्यालाच पोचतो. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आपल्याला तेवढे पुष्कळ.

ग्रुप करू नका, लिस्टच करा. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. एका वहिनीने ग्रुप केला होता, त्यातल्या बायकांना रात्री परक्यांचे मेसेज यायला लागले. वर कुणीतरी त्यातलेच नंबर घेऊन वहिनीचा फोटो लावून दुसरे खाते उघडले आणि "निम्म्या भावात चणक, आधी पैसे पाठवा" असे सगळ्यांना धाडले. तेव्हापासून ती आपल्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला एकदा सांगते की मी आगाऊ पैसे मागत नाही, आणि पैसे देताना स्क्रीनवर माझेच नाव आले पाहिजे.

हॉटेल-रेस्टॉरंटवाले मात्र फेसबुकवरून मिळत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. शॅकचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो, त्याआधी सप्टेंबरात कळंगुट-कांदोळीला स्वतः जाऊन किचनवाल्याला भेटावे लागते. पेजचा उपयोग नंतरचा. तुम्ही निघून गेल्यावर तो पेज उघडून बघतो, हा माणूस खरा आहे का, रोज माल आणतो का.

आणि तिथे फोटो बोलतो. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनचे प्रकरण झाले, तेव्हापासून गोव्यातले गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते, नुस्ते कुठचे? म्हणून इंटरनेटवरचा चकचकीत फोटो नको. आपल्याच क्रेटचा, आपल्याच जेटीवरचा, शेजारी पाटी ठेवून तिच्यावर खडूने आजची तारीख आणि होडीचे नाव. असा फोटो दुसऱ्याने चोरला तरी त्याच्या कामाचा नाही. लिहिताना वजन, साफ करून की तसेच, कुठे पोचवणार, किती वाजेपर्यंत, एवढे पुरे. सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ घरांत नुस्ते नसते, त्या दिवशी मेसेज पाठवून लोकांना चिडवू नका. शनिवारी रात्री पाठवा, रविवारचा बेत तेव्हाच ठरतो.

काय टाकू नये तेही सांगतो. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला तर त्याच्याबरोबर फोटो काढून मर्दुमकी दाखवू नका. वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. जाळे कापून सोडायचे. मासा कुठे मिळाला ती जागाही टाकू नका, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

त्या खलाशाचे पुढे काय झाले ते राहिले. मी मालकाला म्हटले, भांडू नको, फोन कर. त्याने केला. पोराने केरळातून अर्धा तास काढून जुन्या नंबरावरून सगळ्या गिऱ्हाइकांना मालकाचा नवीन नंबर पाठवला, वर "ताजा मछली इधर मिलेगा" असेही लिहिले. सगळे नाही, पण बरेचसे परत आले. नवीन सिम आता मालकाच्या बायकोच्या नावावर आहे आणि फोटोही तीच काढते.

ज्यांना खाते उघडायचे किंवा आहे ते तपासून घ्यायचे त्यांनी जाळ्याचे काम आटोपल्यावर संध्याकाळी पाचनंतर ऑफिसात यावे. येताना सिम ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला बरोबर आणा.