नायट्यावर टाकळा लावायचा तर

पहिले दोन-चार पाऊस झाले की दोन गोष्टी हमखास उगवतात. रस्त्याच्या कडेला टाकळा आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली नायटा. टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात आणि त्यांतल्या बिया नायट्यावर उगाळून लावायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आयुर्वेदात या झाडाला चक्रमर्द म्हणतात. रीत चांगली आहे, पण ती मधेच कुठेतरी बिघडते आणि मग दोष झाडाला लागतो. म्हणून सुरुवातीपासून पाहू.

नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. ही बुरशी केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे ज्या द्रव्याची बनतात ते. ओल आणि ऊब मिळाली की ती मधून बाहेर पसरत जाते. त्यामुळे मधला भाग निवळल्यासारखा दिसतो आणि कडा लाल, उंचावलेली, बारीक खवले सुटणारी राहते. खाज तर असतेच.

आता पहिली पायरी, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. इसब आणि सोरायसिसचे चट्टेही गोल असू शकतात. मधासारखी पिवळी खपली धरत असेल किंवा पू येत असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग. तिथे टाकळ्याचे काही काम नाही. त्वचा गरम लागते, सूज पसरते आहे, ताप आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज नाही आणि तिथे स्पर्श नीट कळत नाही, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी आणि उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होतात. लेप लावून महिने घालवू नयेत.

चट्टा नायट्याचाच असला, तरी घरगुती उपाय एखाद-दुसऱ्या लहान चट्ट्यापुरता आणि धडधाकट मोठ्या माणसापुरताच ठेवावा. डोक्यातला नायटा, नखांतली बुरशी, लहान मूल, गरोदर बाई, मधुमेही माणूस, किंवा अंगभर पसरलेले चट्टे असतील तर थेट डॉक्टरांकडे जावे. केसांच्या मुळाशी आणि नखाच्या आत लेप पोचतच नाही.

मग झाडाची ओळख. टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद, गोलसर असते. शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी किंचित वाकलेली. बी तपकिरी-हिरवट, चकचकीत आणि तिरके कापल्यासारखे. याचा भाऊबंद कासविंदा, काही जण त्याला रानटाकळा म्हणतात, शेजारीच उगवतो. त्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या जास्त आणि शेंग चपटी. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुले दगावल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तेव्हा बिया कुठल्याही असोत, मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत.

टाकळ्याच्या बीमध्ये काम करते काय? 1975 मध्ये भारतीय संशोधकांनी तिच्यातून क्रायसोफॅनिक आम्लाच्या जातीचे बुरशीरोधक द्रव्य वेगळे काढले. याच कुळातले द्रव्य ‘गोवा पावडर’मध्येही होते. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली ही पिवळी भुकटी पोर्तुगीज गोव्यात आणत, आणि एकोणिसाव्या शतकात ती नायट्यावर वापरली जाई. 1876 मध्ये लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर लागू पडते असे नोंदवले आणि पुढे त्याच वाटेने 1916 मध्ये डिथ्रॅनॉल हे औषध आले. गोवा पावडरने त्वचा भाजल्यासारखी होई, कपड्यांवरचे डागही जात नसत. औषधी गुण आणि दाहकपणा एकाच द्रव्यात असतात. हे लक्षात ठेवले की पुढची काळजी का घ्यायची ते समजते.

लेपासाठी एक चमचा वाळलेल्या बिया बारीक कुटून, कापडातून चाळून घ्याव्यात. भुकटी आंबट ताकात कालवून दाटसर लेप करावा. पुष्कळ घरी ताकाऐवजी लिंबाचा रस घेतात. मी तो टाळायला सांगेन, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे काळे डाग उठतात. बावचीचेही तेच. कच्ची लसूण बांधून ठेवली तर फोड येतात. बिब्बा तर हातातही घेऊ नये. त्याने होणारी जखम नायट्यापेक्षा वाईट असते. लेप रोज ताजा करावा. हवा लागून बीमधले द्रव्य बदलत जाते आणि शिळ्या ताकात जिवाणू वाढतात.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा लेप लावून वीस मिनिटांनी धुवावा आणि पूर्ण दोन दिवस वाट पाहावी. लाली, पुरळ, आग झाली तर हा उपाय आपल्यासाठी नाही. ही दोन दिवसांची वाट फार थोडे लोक पाहतात.

लावताना चट्टा साबणाने धुऊन खरोखर कोरडा करावा. लेप मधल्या निवळलेल्या भागावर थापण्यात अर्थ नाही. जिवंत बुरशी कडेला असते, म्हणून कडेवर आणि तिच्या बाहेर दोन बोटे रुंद लावावा. वीस-तीस मिनिटांनी धुऊन पुन्हा कोरडे करावे. दिवसातून एकदा पुरे. खाजवून कातडी सोलली असेल, ओल सुटली असेल, तर तिथे लेप अजिबात नको. जननेंद्रियांजवळ आणि चेहऱ्यावरही नको.

पहिल्या दिवशी बॉलपेनने चट्ट्याच्या कडेभोवती रेघ मारून ठेवावी. पुसट झाली की त्याच जागी पुन्हा ओढावी. खाज कमी झाली म्हणजे नायटा गेला असे नसते. कडा रेघेच्या आत सरकली तरच उतार आहे. दोन आठवड्यांत सरकली नाही किंवा बाहेर गेली, तर लेप थांबवावा. सरकत असेल तर चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो.

या सगळ्यावर पाणी फिरते ते ओल्या कपड्यांमुळे. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी, घट्ट जीन्स आणि घरभर एकच टॉवेल असेल तर औषध कोणतेही असो, नायटा परत येतो. आतले कपडे सुती घ्यावेत, गरम पाण्यात वेगळे धुवावेत आणि ऊन नसेल तेव्हा उलटे करून इस्त्री फिरवावी. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर उपचार दोघांचे एकदमच हवेत. मांजराच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील तर तेही पाहावे.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र झाडपाल्याचा नाही, ट्यूबचा आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे द्रव्य, असते. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश होतो, आणि बुरशी आत निवांत पसरते. आपल्याकडे आता टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीरोधक औषधाला दाद न देणारी बुरशीही वाढली आहे. तिला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. अशा हट्टी नायट्यावर टाकळ्याचा लेप महिनोन्‌महिने थापत राहणे म्हणजे फक्त वेळ घालवणे. त्वचारोगतज्ज्ञ कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि बुरशी आहे की नाही ते बहुतेक वेळा तिथेच कळते.

तपासणीला जाताना लेप धुऊन जा, आणि आधी काय काय लावले ते सगळे डॉक्टरांना सांगा. रिकामी ट्यूब फेकली नसेल तर तीही सोबत न्या.