रमतगमत, ईडेल ते होप

रविवारी सकाळी शेफिल्ड–मँचेस्टर मार्गावरची गाडी ईडेलला थांबते आणि बघता बघता डबे रिकामे होतात. एवढ्याशा गावात एवढ्या माणसांचं काय काम असावं, हा प्रश्न त्यांच्या पायांतले चिखलाचे जुने डाग पडलेले बूट सोडवतात. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांवर मंडळी चालायला आलेली असतात.

स्टेशनाबाहेर पंधराएक जणांचा घोळका जमलाय. साठीच्या आसपासचे बरेच, दोन विद्यार्थी, एक कुत्रा आणि नोकरीसाठी पुण्याहून शेफिल्डला आलेली एक तरुणी. तिने नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेला आहे. इथे तिला कोणी काय काय केलंय ते विचारत नाही. बूट बरे आहेत ना, पाणी आहे ना, पावसाचं जाकीट आणलंय ना, एवढीच चौकशी होते. ‘रॅम्बलर्स’ या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेचे असे गट ब्रिटनभर आहेत. सभासद होण्याआधी दोन-तीनदा नुसतं चालून बघायलाही त्यांची हरकत नसते.

आजच्या लीडरबाई निवृत्त आहेत आणि हे काम बिनपगारी करतात. बेत सोपा: ईडेलहून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं, धारेवरून लूज हिलचा माथा गाठायचा, पलीकडे होप गावात उतरायचं. अंतर आठ-नऊ किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला हिशेब आजही चालतो: पाच किलोमीटरला एक तास, वर प्रत्येक सहाशे मीटर चढाईला आणखी एक. त्या हिशेबाने ही वाट दोन-अडीच तासांत संपायला हवी. बाईंनी साडेचार तास धरलेत. जास्तीचे दोन तास कुठे जातात, ते पहिल्याच कुंपणाशी कळतं.

दगड रचून केलेली भिंत, तिच्यात बाहेर काढलेल्या दोन-तीन अरुंद शिळा. त्यांवर पाय देत चढायचं, वर वळायचं, पलीकडे उतरायचं. गुरंमेंढरं अडतात, माणूस जातो. एकट्याला दहा सेकंद लागतात. पंधरा जणांची रांग लागते. एकाची काठी अडकते, दुसऱ्याचा गुडघा कुरकुरतो, कुत्र्याला उचलून द्यावं लागतं. पुढचे चालत सुटले तर मागच्यांना उरलेला रस्ताभर धापा टाकत पाठलाग करावा लागेल. म्हणून बाई पलीकडे जाऊन उभ्या राहतात, आणि सगळ्यात मागे ठेवलेला गडी दिसल्याशिवाय हलत नाहीत. सह्याद्रीत त्याला ‘स्वीप’ म्हणतात, इथे ‘बॅक मार्कर’. दर फाटकाशी हेच. शिवाय मागून दमून आलेल्याला दम खायला मिनिटभर मिळालंच पाहिजे. तो पोचला रे पोचला की निघायचं, हा दुष्टपणा आपल्याकडच्या कित्येक ट्रेकमध्ये सर्रास चालतो.

थोडक्यात, हा निवांतपणा आपोआप येत नाही. बाई आधी एकदा ही वाट चालून गेल्यात. कुठलं फाटक अडकतं, कुठे चिखल आहे, कुठे वाऱ्याला पाठ देऊन जेवता येईल हे सगळं बघून गेल्यात. गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ‘ऑर्डनन्स सर्व्हे’चा नकाशा आहे, किलोमीटरला चार सेंटिमीटर या प्रमाणाचा. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा. शेत खासगी असलं तरी त्यातून जाणारी वाट लोकांची, आणि ती अडवायचा अधिकार मालकाला नाही.

पुढे गाई दिसतात, वासरांसकट. पुण्याची तरुणी बिनधास्त सरळ निघते. बाई तिला हाताने थांबवतात आणि सगळ्यांना कडेकडेने, वासरांपासून लांब नेतात. वासरू बरोबर असलेली गाय इथे माणसाला तुडवू शकते, आणि कुत्रा दिसला की जास्तच बिथरते. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, असा अधिकृत सल्ला आहे. तो आपला पळून वाचतो. गोमातेबद्दलचा समज एका शेतात बदलतो.

हॉलिन्स क्रॉसला वारा कानात शिरतो. ईडेलमध्ये सतराव्या शतकात स्वतःचं प्रार्थनाघर होईपर्यंत गावातले मृतदेह याच खिंडीतून पलीकडच्या दफनभूमीत नेत. पुढे कॅसलटनच्या बायका ईडेलच्या सूतगिरणीत कामाला याच वाटेने रोज येत-जात. उत्तरेला ६३६ मीटर उंचीचं किंडर स्काउट पसरलेलं दिसतं. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार मुद्दाम बेकायदा त्यावर चढले. तो माळ तेव्हा श्रीमंतांच्या पक्षीशिकारीसाठी राखलेला होता. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं.

जेवण होतं ते पुढे, भिंतीच्या आडोशाला. थंड सँडविच, थर्मासमधला चहा. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा एका फेरीत रिकामा होतो.

लूज हिलच्या माथ्यावर मात्र थोडं थांबायला हवं. या माथ्याचा एक भाग ‘वॉर्ड्‌स पीस’ या नावाने ओळखला जातो. जी. एच. बी. वॉर्ड हा शेफिल्डचा अभियांत्रिकी कामगार. ‘क्लॅरियन’ या समाजवादी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्याने सप्टेंबर १९०० मध्ये लोक जमवले आणि ईडेलहून किंडरभोवती चालवत नेले. कामगारांचा चालण्याचा क्लब त्यातून उभा राहिला. १९४५ साली चालणाऱ्यांनीच इथली जमीन त्याला भेट दिली. त्याने ती स्वतःकडे न ठेवता ‘नॅशनल ट्रस्ट’कडे सोपवली.

उतारावर गुडघ्यांची तक्रार आणि घरांच्या किमती, दोन्ही विषय चालतात. एका कुंपणाशी, ओलांडायच्या पायरीची फळी कुजलेली निघते. बाई फोटो काढतात, नकाशावरचे आकडे टिपून घेतात. पायरी दुरुस्त ठेवणं जमीनमालकाचं काम. खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला स्थानिक प्रशासनाकडून मागता येतो. बाईंची तक्रार उद्याच जाईल.

होपच्या पबमध्ये पुढच्या तिमाहीचा कागद टेबलावर येतो. लीडरच्या रकान्यात तीन रविवार कोरे आहेत. बाई पेन पुण्याच्या तरुणीकडे सरकवतात. ती एका तारखेपुढे आपलं नाव लिहिते, पण शेजारच्या, सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या रकान्यात.