प्रोटिस्टा : सोयीचा वर्ग, एक कुळ नव्हे

एका शाळेस भेट दिली असता उत्तरपत्रिका पाहण्याचा योग आला. ‘युग्लिना ही वनस्पती की प्राणी?’ या प्रश्नास एका मुलीने ‘दोन्हींसारखी’ असे उत्तर लिहिले होते व ते चूक ठरविण्यात आले होते. वस्तुतः शास्त्रज्ञांची अडचणही नेमकी हीच होती.

युग्लिना हा डबक्याच्या हिरवट पाण्यातील एकपेशीय जीव. उजेडात तो हरितद्रव्याच्या योगे अन्न तयार करतो. अंधारात पाण्यात विरघळलेले अन्न शोषून घेतो. आणि कशाभिकेच्या साहाय्याने पोहतो. अशा जीवांसाठी जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी सुचविली. रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९ सालच्या पंचसृष्टी पद्धतीत जीवाणू मोनेरा सृष्टीत गेले आणि केंद्रकयुक्त, बहुतांशी एकपेशीय असे जीव प्रोटिस्टात राहिले.

जनुकांच्या अभ्यासाने मात्र असे दिसून आले आहे की, हे सर्व जीव एका कुळातील नाहीत. पॅरामेशियम व हिवतापाचा परजीवी हे परस्परांचे आप्त आहेत. परंतु अमीबा हा पॅरामेशियमपेक्षा प्राणी व कवके यांना अधिक जवळचा आहे. वनस्पती, प्राणी व कवके वगळून उरलेले केंद्रकयुक्त जीव, एवढाच प्रोटिस्टा या नावाचा आज अर्थ उरतो.

हा केवळ नावांचा वाद नव्हे. द्राक्षावरील भुरी हे खरे कवक आहे. केवडा रोगाचा जीव कवकासारखा दिसतो व दीर्घकाळ कवकांतच गणला गेला. परंतु त्याचे आप्त तपकिरी शैवाल व डायटम हे होत. म्हणूनच भुरीस आवरणारे गंधक केवड्यावर उपयोगी पडत नाही. नाते चुकले की उपायही चुकतो.

शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ घेताना डबक्याचे पाणी थोडा पेंढा घालून काही दिवस ठेवावे व त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावा. नंतर मुलांनी हात धुतले आहेत, हे पाहावे. जीव हलतो का, कशाने हलतो, हिरवा आहे का, हे मुलांस प्रथम लिहू द्यावे. वर्गाचे नाव मागाहून सांगावे. पाठ्यपुस्तकातील पाच सृष्टी अवश्य शिकवाव्यात. परंतु ही मांडणी मनुष्याने केलेली आहे व ज्ञान वाढले की ती सुधारावी लागते, हेही सांगावे.

आणि ‘दोन्हींसारखी’ असे कारणासह लिहिणाऱ्या मुलीस पूर्ण गुण द्यावेत.