निकाल आपल्या हातात नसेल, तर मेहनत मोजायची कशी?

यूपीएससी किंवा एमपीएससीचा अंतिम निकाल लागला की यादीत नाव असलेल्यांचे सत्कार सुरू होतात. ज्यांचं नाव नसतं, त्यांच्याबद्दल मात्र सर्रास बोललं जातं की, अभ्यासच कमी पडला असेल. पुरेशी मेहनत केली की यश मिळतंच, हे यामागचं गृहीतक. निकालाचे आकडे पाहिले, तर हे गृहीतक टिकत नाही.

आकडे काय सांगतात?

यूपीएससीच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी 10,16,850 जणांनी अर्ज केले होते. त्यापैकी 5,92,141 जण पूर्व परीक्षेला बसले. 14,624 जण मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले, 2,855 जण मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि 1,016 जणांची शिफारस झाली. म्हणजे पूर्व परीक्षा देणाऱ्या दर हजार उमेदवारांमागे दोघांचीही निवड झाली नाही.

अर्ज भरणारे सगळेच मनापासून अभ्यास करतात असं नाही, हे खरं. पण मुलाखतीपर्यंत गेलेल्यांबद्दल तशी शंका घेता येत नाही. लाखोंच्या गर्दीतून दोन चाळण्या पार करून ते तिथवर आलेले असतात. तरीही त्यातल्या 1,839 जणांची नावं निकालाच्या यादीत नव्हती.

मेहनत केली की जागा मिळते का?

दहावीची परीक्षा आणि स्पर्धा परीक्षा यांत एक मूलभूत फरक आहे. दहावीत एक मुलगा पास झाला म्हणून दुसऱ्याची जागा जात नाही. स्पर्धा परीक्षेत जागा आधीच ठरलेल्या असतात. उद्या सगळ्या उमेदवारांनी दुप्पट अभ्यास केला, तरी जागा तेवढ्याच राहतील. फक्त कट-ऑफ वर जाईल.

म्हणजे निकाल बऱ्याच गोष्टींवर ठरतो: स्वतःची तयारी, इतरांची तयारी, त्या वर्षीच्या जागा, पेपरचं स्वरूप आणि मुलाखत. यातली पहिली गोष्ट तेवढी उमेदवाराच्या हातात असते. मेहनतीशिवाय निवड होत नाही, पण मेहनत केली म्हणून निवड होईलच, याची हमी नसते.

मग ध्येय कशाचं ठेवायचं?

क्रीडा मानसशास्त्रात ध्येयांचे तीन प्रकार मानले जातात. 'मला पहिलं यायचं आहे' हे निकालाचं ध्येय. 'मागच्या वेळेपेक्षा माझी वेळ सुधारायची आहे' हे कामगिरीचं ध्येय. 'रोज अमुक सराव अमुक पद्धतीने करायचा आहे' हे प्रक्रियेचं ध्येय. निकालाच्या ध्येयामुळे दिशा मिळते, पण आज सकाळी उठून काय करायचं, ते उरलेली दोन ध्येयं सांगतात.

अभ्यासाला हे कसं लागू होतं, ते पाहू. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरमध्ये तीन तासांत 20 प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटं. 'जूनपर्यंत नऊ मिनिटांत मुद्देसूद उत्तर लिहिता आलं पाहिजे' हे कामगिरीचं ध्येय झालं. 'रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहायची आणि कुणाकडून तरी तपासून घ्यायची' हे प्रक्रियेचं. ते पाळलं गेलं की नाही, हे त्याच रात्री कळतं. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

मेहनत मोजताना एक गल्लत हमखास होते. अभ्यासिकेत किती तास बसलो, यालाच मेहनत समजलं जातं. बारा तास बसून तेच पुस्तक चौथ्यांदा वाचलं, तर तास वाढतात, पण माणूस पुढे सरकतोच असं नाही. सराव चाचणीतल्या चुका तपासल्या, तर जास्त कळतं. उत्तर माहीतच नव्हतं, अर्धवट माहीत होतं, की घाईत प्रश्न चुकीचा वाचला? तीन महिन्यांनी त्याच प्रकारच्या चुका कमी झाल्या असतील, तर प्रगती होते आहे.

कौतुक कशाचं करावं?

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना 'तू हुशार आहेस' असं सांगितलं गेलं, तर काहींना 'तू मेहनत घेतलीस' असं. पुढे अवघड प्रश्नांमध्ये अपयश आल्यावर 'हुशार' म्हटलेली मुलं लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं जास्त चिकाटीने प्रयत्न करत राहिली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा विचारसरणीचा गुणांवर होणारा परिणाम लहानच दिसला, त्यामुळे तो रामबाण उपाय नाही. स्वतः ड्वेक यांनीही पुढे सावध केलं, की पद्धत चुकत असताना नुसतं 'प्रयत्न छान केलास' म्हणणं उपयोगाचं नाही. प्रयत्नातून काय शिकायला मिळालं, हेही पाहावं लागतं.

यातला धोका कोणता?

'निकालाची चिंता नको, प्रयत्न महत्त्वाचे' या वाक्याचा आडोसा घेऊन वर्षामागून वर्षं जाऊ शकतात. यूपीएससीत खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाच्या 32 वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात. इतर मागासवर्गाला 35 वर्षांपर्यंत नऊ संधी आहेत, तर अनुसूचित जाती-जमातींना 37 वर्षांपर्यंत संधींची मर्यादाच नाही. नियम परवानगी देतो म्हणून सगळ्या संधी वापरल्याच पाहिजेत असं नाही. त्यासाठी लागणारा खोलीभाड्याचा, मेसचा आणि क्लासचा खर्च बहुतेकदा घरच्यांच्या खिशातून जात असतो.

म्हणून किती प्रयत्न द्यायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचं, हे तयारी सुरू करतानाच, डोकं शांत असताना ठरवलेलं बरं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला निर्णय निराशेतून येतो, नाहीतर हट्टातून. दरवर्षी स्वतःला एक प्रश्नही विचारता येईल: परीक्षा बाजूला ठेवली, तर या वर्षी मला असं काय येऊ लागलं जे इतरत्र कामाला येईल? मुद्देसूद लिहिणं, अर्थसंकल्प वाचून समजून घेणं, मुलाखतीत शांतपणे बोलणं, ही कौशल्यं बाहेरही लागतात. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, इतर नोकरदात्यांना देण्याची योजना खुद्द यूपीएससीनेच सुरू केली आहे.

वर्षाअखेरीस या प्रश्नाला ठोस उत्तर सापडत असेल, तर यादीत नाव नसलं तरी ते वर्ष वाया गेलं नाही. सलग दोन वर्षं उत्तर सापडलं नाही, तर मात्र अभ्यासाचे तास वाढवण्याआधी मार्ग बदलण्याचा विचार करायला हवा.