टेपपासून बाइटपर्यंत : फोरट्रानच्या फाइलींचा मागोवा

1957 साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम 704 साठी फोरट्रान भाषा सिद्ध केली, तेव्हा मोठी माहिती साठवायची ती मुख्यतः चुंबकीय टेपवर. फाइलमध्ये मागेपुढे सरकण्याच्या आज्ञाही टेपच्याच होत्या. ‘रिवाइंड’ म्हटले की टेप सुरुवातीला येई, ‘बॅकस्पेस’ म्हटले की एक रेकॉर्ड मागे जाई. चारशेवा रेकॉर्ड हवा असेल, तर आधीचे सगळे ओलांडावे लागत. म्हणून माहिती आधी क्रमाने लावून एकाच फेरीत काम उरकण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगी बाणली.

हव्या त्या जागी थेट जाऊ देणारी डिस्क 1956 मध्येच आली होती. तरी 1966 च्या फोरट्रान प्रमाणात टेपच्याच आज्ञा राहिल्या. हव्या त्या रेकॉर्डवर थेट जाण्याची सोय आयबीएमसारख्या कंपन्या आपापल्या परीने देत. ती प्रमाणात आली फोरट्रान 77 मध्ये: फाइल ‘डायरेक्ट’ म्हणून उघडायची, रेकॉर्डचा क्रमांक द्यायचा. मात्र सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे हवेत, आणि बायनरी फाइलीत ती लांबी कशात मोजायची हे कंपायलरवर सोडलेले. एक कंपायलर बाइट मोजे, दुसरा चार बाइटांचे शब्द. प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला की घोटाळा ठरलेला.

दरम्यान युनिक्स आणि सी यांनी फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग, ही कल्पना रुजवली. जी77 या फोरट्रान कंपायलरने त्याच धर्तीवर, फाइलीत हव्या त्या बाइटवर नेणारे ‘एफसीक’ दिले, पण ते प्रमाणाबाहेरचे. अखेर फोरट्रान 2003 ने ‘स्ट्रीम’ प्रकार आणला आणि कोणत्याही बाइटवर जाण्याची अधिकृत वाट उघडली. एफसीक सुरुवातीपासूनचे अंतर शून्यापासून मोजते, स्ट्रीममध्ये पहिल्या बाइटचा क्रमांक एक असतो; जुना प्रोग्राम बदलताना हे ध्यानात ठेवावेच लागते.

टेपची खूण मात्र पुसली गेली नाही. आजही जीफोरट्रान हा कंपायलर क्रमवार बायनरी फाइल लिहिताना प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतरही त्याची लांबी नोंदवतो. मागची नोंद असल्यामुळेच ‘बॅकस्पेस’ला रेकॉर्ड कुठे सुरू झाला ते कळते. इतर भाषांतून अशा फाइली वाचणाऱ्यांना हे जादा बाइट छळतात खरे; पण जुन्या आज्ञा जपल्या म्हणूनच 1966 च्या प्रमाणानुसार लिहिलेला ‘रिवाइंड’ आजच्या कंपायलरलाही समजतो. हवामानाची अनेक प्रारूपे अजून फोरट्रानमध्ये चालतात. दशकानुदशके जमवलेल्या मोजमापांवर ज्यांचे काम उभे आहे, त्यांच्यासाठी जुने न मोडता नवे जोडणे हा या भाषेचा सर्वांत मोठा गुण आहे.