वेश आणि माणसाची पारख

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्याकडे बाजारात सर्रास ऐकू येते. ती खोटी आहे असे म्हणता येणार नाही. कामगारांची गाऱ्हाणी घेऊन मी पुष्कळ कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आहे. इस्त्रीचा सदरा घातलेला गृहस्थ टेबलापाशी गेला की कारकून म्हणतो, “या, बसा.” त्याच्यामागून मळकट कपड्यांतला, वयाने वडील असलेला मजूर गेला की तोच कारकून विचारतो, “काय रे, काय पाहिजे?” दोघांनीही अजून तोंड उघडलेले नसते. तरी निकाल लागून गेलेला असतो.

असे का व्हावे? थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली याचा एक उलगडा मांडला. लष्करातील वरिष्ठांना हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या गुणांवरून पारख करावयास सांगितले होते. हे गुण वेगवेगळे. पण ज्याला एका गुणात वरचे स्थान मिळाले, त्याला बहुधा इतरांतही वरचेच मिळाले. संतांच्या मस्तकामागे जसे तेजोवलय रंगवतात, तसे एका गुणाचे तेज बाकीच्यांवर पडते. याच्या उलटही घडते. कपड्यावरचा डाग पाहणारा त्या माणसाच्या अकलेवर आणि सचोटीवरही डाग पाहू लागतो.

आपल्या समाजात तर वेश हा पायरी दाखविण्याचा शिक्काच होता. कोणी कसे लुगडे नेसावे, कोणता दागिना घालावा, हे जातीवरून ठरे. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असा पेहराव टाकून द्या. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या. हा नटण्यामुरडण्याचा उपदेश नव्हता. इतरांनी मारलेला शिक्का पुसण्याचा तो मार्ग होता.

याच्या उलट वाटणारे उदाहरण महात्मा फुल्यांचे. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. उंची पोशाखाच्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरी रयत खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकविले.

एकाने गरिबीचा वेश मुद्दाम धारण केला, तर दुसऱ्याने हीनपणाच्या खुणा टाकून देण्यास सांगितले. यात विरोध नाही. दोन्ही ठिकाणी वेश माणसाने स्वतः निवडलेला होता. दुसऱ्याने लादलेला नव्हता.

पण ज्याला निवड करण्याची सोयच नाही, त्याचे काय? आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीचे घड कापणारे, वाहणारे हजारो मजूर आहेत. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट डाग उठतो आणि किती धुतले तरी तो हटत नाही. तो मजूर घरून रोज धुतलेला सदरा घालून निघतो. पाहणाऱ्याला मात्र तो गबाळा वाटतो. ज्या डागाला आपण आळसाची खूण समजतो, ती कष्टाची खूण असते.

तेव्हा नीटनेटके राहावे, हा उपदेश योग्यच आहे; संघटनेच्या सभेत मीही तो करतो. पण त्याने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे पाहणाऱ्याचे आहे. आपल्यापैकी कोणी दुकानात बसतो, कोणी शाळेत, कोणी पतपेढीत. उद्या डागाळलेल्या सदऱ्यातला माणूस समोर आला, तर त्याला प्रथम ‘अहो’ म्हणावे, बसावयास सांगावे आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. मग खुशाल मत बनवावे. यासाठी पदरचा पैसा खर्चावा लागत नाही.