आधी ग्रंथालय, मग विद्यापीठ

चित्रकला, शिल्पकला किंवा संगीत शिकायचं ठरवलेल्या मराठी मुलांच्या यादीत बडोद्याचं नाव असतंच. महाराजा सयाजीराव विद्यापीठ पाहायला जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझं एकच सांगणं आहे : प्रवेशाची चौकशी करून लगेच परतीची गाडी धरू नका. शहर पाहा. विद्यापीठ इथे सर्वांत शेवटी आलं. शिकण्याची सवय गावाला आधीच लागली होती.

स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूला उतरलं की कला शाखा चालत जाण्याइतकी जवळ. रॉबर्ट चिझमने बांधलेल्या या इमारतीचा घुमट पाहून विजापूर आठवतं. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज ते हेच. अरविंद घोष इथे शिकवत, आणि विनोबाही इथलेच विद्यार्थी.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आलेल्या सयाजीरावांनी शिक्षणाची बांधणी पायापासून केली. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा निघाली, १८९० मध्ये कलाभवन. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. या दोन्ही संस्था पुढे विद्यापीठाच्या शाखा झाल्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला.

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय मात्र सवडीने पाहावं. अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९१० पासून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या आणि त्यांच्यामधून जाड काचेची जमीन आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. दिवसाउजेडी पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता यावं, एवढ्यासाठी केलेली ही योजना. बॉर्डन यांच्याच काळात पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या.

या पायावर १९४९ साली विद्यापीठ उभं राहिलं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आली, ती त्यांच्या आग्रहामुळे. विद्यापीठ निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी ललितकला शाखा निघाली. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत इथे शिकवायला आले. या शाखेत गेलात तर भिंतीवरच्या तयार चित्रांपेक्षा अर्धवट कामांपाशी जास्त वेळ थांबा. कोणी दगड फोडत असेल, कोणी छापा काढत असेल. त्यांना कामाबद्दल विचारा. माहितीपत्रकात नसलेलं पुष्कळ काही कळेल.

भूक लागली की सेव उसळ खा. मिसळीची ही बहीण बडोद्याने आपलीशी केली आहे.

मग विश्वामित्रीकाठच्या सयाजीबागेत, म्हणजे जुन्या कमाटीबागेत जा. या बागेशी एक कडू आठवण जोडलेली आहे. १९१३ साली याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला परत आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहिले, तिथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ते या बागेत येऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिष्यवृत्ती एका हुकमाने देता येते. शेजार तसा मिळत नाही. बडोद्याच्या मोठेपणाइतकाच हा इतिहासही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने जाणून घेतला पाहिजे.

म्हणून विद्यापीठ निवडताना अभ्यासक्रम आणि फी यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. वर्ग सुटल्यावर इथे शिकण्यासारखं काय आहे? आणि कुठल्याही घरातून आलेल्या मुलाला इथे सन्मानाने खोली मिळते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बडोदा शंभर वर्षांहून जास्त काळ देत आलं आहे. दुसऱ्याचं उत्तर वसतिगृहातल्या मुलामुलींकडूनच घ्या, आणि ते ऐकूनच अर्ज भरा.